जिन्यातला दिवा

आमचं इंदरगंजमधलं घर जुनं. लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या वायरी, काळी गोल बटणं आणि जिन्यात भरदिवसा अंधार. बारावी सायन्स झाल्यावर मला वाटलं, मिस्त्री कशाला हवा? बाड्यावरून होल्डर, बटण, वायर आणली आणि एका दुपारी जिन्यात दिवा लावला. बाबांनी पाठ थोपटली. मी आठवडाभर हवेत होतो.

महिन्याभराने बल्ब उडाला. आईने बटण बंद केलं, बल्ब काढला आणि ओल्या फडक्याने होल्डर पुसायला गेली. असा झटका बसला की ती दोन पायऱ्या खाली पडली. मनगट मोडलं.

मिस्त्रीने बटण बंद ठेवूनच होल्डरला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला! मी बटण फेजच्या लाल वायरीवर न बसवता न्यूट्रलच्या काळ्या वायरीवर बसवलं होतं. दिवा तसाही लागतो आणि विझतो. पण बटण बंद केलं तरी २३० व्होल्ट होल्डरपर्यंत येऊन उभेच असतात. "चल रहा है और सही चल रहा है, इसमें फरक है भैया," एवढंच तो म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

हे आठवायचं कारण म्हणजे आमचा पुतण्या. परवा व्हिडिओ बघून म्हणाला, "काका, वरच्या बाथरूमचा गीझर मीच लावतो. दिव्याच्या लाइनवरून वायर ओढली की झालं." मी त्याला हिशोब करायला लावला. २००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर ओढतो. दिव्याची बारीक वायर तेवढ्याने भिंतीतल्या भिंतीत तापत राहते. गीझरला जाड वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, वेगळा एमसीबी आणि खरोखरचं अर्थिंग हवं.

कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही होती: दिवा, पंखा, फ्यूज, बटण जसंच्या तसं बदलायला परवाना लागत नाही, वायरिंगमध्ये भर किंवा फेरफार करायचा तर तो परवानाधारक ठेकेदाराकडूनच.

म्हणून तरुण मंडळींनो, हात अजिबात लावू नका असं मी म्हणणार नाही. बटण बदलायला जरूर शिका. आधी मेन बंद करा. टेस्टर चालतो की नाही हे चालू सॉकेटवर बघून ठेवा, आणि मगच कामाच्या जागी लावून खात्री करा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. नवी लाइन मात्र मिस्त्रीचीच.

गीझर मिस्त्रीने लावला. पुतण्या शेजारी उभा राहून प्रत्येक वायर विचारत होता. आणि खालून आईचा आवाज आला, "मेन बंद केलंय ना रे?"