बिनपडद्याची पट्टी

व्हायोलिनला पडदे नसतात. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला सूर मिळतोच. सतारीला पडदे बांधलेले असतात, बोट थोडं मागं पडलं तरी पडदा सांभाळून घेतो. व्हायोलिनवर मात्र काळं गुळगुळीत लाकूड, त्यावर चार तारा आणि बाकी सगळं वाजवणाऱ्याच्या कानावर सोपवलेलं. मोठ्यांच्या व्हायोलिनची वाजणारी तार साधारण ३२८ मिलिमीटर लांब असते. मोकळी तार सा धरली तर वरच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर कोमल रिषभ आणि साडेतीन सेंटिमीटरच्या जरा पुढं शुद्ध रिषभ. तिथं बोट तीन-चार मिलिमीटर सरकलं की एका श्रुतीचा फरक पडतो, आणि बोटाचं टोक त्याहून रुंद असतं.

हे वाद्य मी पंचेचाळिशीत हातात घेतलं, मुळशीतल्या नांदे गावात, घरच्या घरी. हिंजवडीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी नोकरी. घरी म्हशी, संध्याकाळचा स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा. व्हायोलिन शिकवणारी माणसं पुण्यात बरीच आहेत, पण कामावरून सुटून सूसची खिंड ओलांडायची, पेठेत पोचायचं आणि परत यायचं, एवढा वेळ माझ्याकडे नव्हता. म्हणून फोनवरचे धडे, फोनवरचाच तानपुरा आणि कपाटाचा आरसा यांवर सुरुवात केली.

पण शिकवलं कोणी, असं विचाराल तर पहिलं नाव गावच्या भजनाचं घेईन. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी महिलांच्या भजनी मंडळात गाते. हरिपाठ, एकादशीचं भजन, सप्ताहातली काकड आरती. स्वरलेखन आम्हाला कोणाला येत नाही. तरी चालीत एखादी जागा चुकली की सगळ्या बायका एकदम एकमेकींकडे बघतात. हा कान काही एका दिवसात आलेला नाही. मोठेपणी वाद्य शिकणाऱ्याची बोटं लहान मुलाइतकी लवचिक नसतात, हे खरंच आहे. पण त्याच्या कानात वर्षानुवर्षांची गाणी असतात आणि व्हायोलिन नेमकं तेच मागतं. माझं तर ठाम मत झालंय की इतर कुठल्याही वाद्यापेक्षा व्हायोलिन उशिरा शिकणाऱ्याच्या बाजूचं आहे. लोक बरोबर उलटं समजतात.

ओढ लागली ती प्रभाकर जोगांच्या वादनामुळं. ‘गाणारं व्हायोलिन’ या नावानं त्यांनी मराठी गाणी वाजवली, ती आमच्या घरी कॅसेटवर लागायची. शब्द नसतानाही शब्द ऐकू यायचे. गाणं जिथं श्वास घेतं तिथं गज थांबायचा, जोडाक्षरावर किंचित झटका यायचा. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये गीतरामायण झालं. त्यातल्या छप्पन गीतांना संगीत देणाऱ्या सुधीर फडक्यांच्या साथीला जोगांचं व्हायोलिन होतं. पेटीला तेव्हा आकाशवाणीवर मज्जाव होता, १९४० पासून १९७१ पर्यंत. पेटीतून मींड निघत नाही आणि तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप. पेटीवर माझी माया आहे, तिच्याशिवाय आमचं भजन उभं राहत नाही. पण त्या आक्षेपात काय तथ्य होतं ते मला व्हायोलिनवर गंधार शोधताना कळलं. पेटीच्या गंधारावर बोट ठेवलं की तानपुऱ्याशी तो बोचायचा. बोट केसभर खाली घेतलं की एकदम गोड लागायचा.

आपल्याकडे व्हायोलिनवर गळा उतरवणारे फार मोठे लोक झाले. गजाननराव जोशी स्वतः मोठे गायक, आणि व्हायोलिनवरही तीच गायकी. कोल्हापूरचे दामोदर केशव दातार, म्हणजे डी. के. दातार, द. वि. पलुस्करांच्या गाण्याच्या वाटेनं गेले. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या व्ही. जी. जोगांनी कोलकात्याला राहून नाव मिळवलं. एन. राजम या पंडित ओंकारनाथ ठाकुरांच्या शिष्या. रात्री भांडी आवरताना मी आळीपाळीनं यांची ध्वनिमुद्रणं लावते. हात कामात असले की कान जास्त मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

बसावं कसं, हे आधी ठरवावं लागलं. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटीखाली धरून उभ्यानं किंवा खुर्चीवर बसून वाजवतात. आपल्याकडे मांडी घालून बसतात, वाद्याचं एक टोक डाव्या खांद्याशी आणि दुसरं, खुंट्यांकडचं, उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलेलं. मी खाली बसायचं ठरवलं, भजनात बसते तशीच. यात नुसती सवय नाही. वाद्य पायावर टेकलं की डाव्या हातावर त्याचा भार राहत नाही आणि एकच बोट तारेवरून खालपर्यंत घसरत नेता येतं. आपली मींड त्यातूनच निघते. बोट सहज सरकावं म्हणून काही वादक टोकाला तेलाचा किंवा पावडरचा हात लावतात.

मग गज. वजन सगळं मिळून ६० ग्रॅमच्या आसपास, पण तो उजव्या हाताची परीक्षा बघतो. घोड्याच्या शेपटीच्या केसांना राळ घासायची, दुकानात तिला रोझिन म्हणतात. राळ नसली तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाजच येत नाही. राळेमुळं केस तारेला धरतात, थोडं ओढतात, तार निसटते, पुन्हा धरतात. मोकळी तार पांढरी दोनला लावली असेल तर हे सेकंदाला सुमारे २९४ वेळा घडतं. आपल्या सी. व्ही. रामन यांनी या धरण्या-सुटण्याचा बारकाईनं अभ्यास केला होता. गजानं वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवरचा त्यांचा मोठा निबंध १९१८ साली कोलकात्यात प्रसिद्ध झाला. हे वाचलं आणि कर्कश आवाजाची भीती गेली. दाब जास्त झाला की तार वेळेवर सुटत नाही आणि करकरते. कमी झाला की धरलीच जात नाही आणि शीळ घालते. कारण कळलं की हात दुरुस्त करता येतो. आरशासमोर बसून गज घोडीला, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीला, समांतर जातोय का ते बघायचं आणि एकेका मोकळ्या तारेवर लांबच लांब स्वर धरायचा, गवई खर्ज लावतात तसा. कितीतरी दिवस मी डाव्या हाताची बोटं तारेवर ठेवलीच नाहीत. या काळाबद्दल मला फार आदर आहे. पुढं जे काही जमलं ते त्यातूनच जमलं.

बोटं ठेवायला लागल्यावर वाद्य स्वतःच गुरू होतं, हे मला कोणत्याही धड्यात इतकं स्पष्ट सांगितलेलं आढळलं नाही. माझ्या तारा खालून वर प-सा-प-सा अशा लावलेल्या असतात. मधल्या पंचमाच्या तारेवर बोटानं वरचा सा काढला आणि तो अचूक असला, तर शेजारची साची मोकळी तार न छेडता थरथरते. नीट बघितलं तर डोळ्यांना दिसतं, आणि आवाजाला एकदम भरीवपणा येतो. बोट जरा चुकलं की ती तार गप्प बसते. यापेक्षा प्रामाणिक परीक्षक कुठं मिळणार? पट्टीवर जागा दाखवणारे कागदी चिकटपट्टे लावायची पद्धत आहे, मी तेही लावले होते. पण ही थरथर ओळखू यायला लागल्यावर ते काढून टाकले. डोळा तिथं असला की कान आळशी होतो.

दुसरे परीक्षक आमचे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. तरुणपणी पखवाज वाजवायचे, आता हातात जोर नाही. मी आतल्या खोलीत भूप वाजवत असायची आणि ओसरीवरून आवाज यायचा, “चढलाय गं स्वर. जरा खाली घे.” मी खाली घ्यायची. “आता बस तिथंच.” आबांना धैवत, गंधार ही नावं सांगता येत नाहीत. पण त्यांचं एकदाही चुकलं नाही.

आमच्या हवेबद्दल सांगायलाच हवं, कारण शहरातल्या धड्यांत ते नसतं. ताम्हिणीकडून पाऊस उतरला की मुळशीत भिंतीसुद्धा ओल्या लागतात. लाकूड फुगतं, खुंट्या भोकांत घट्ट बसतात आणि फिरवायला गेलं तर तार तुटायची भीती. मार्च-एप्रिलात उलटं: लाकूड आक्रसतं, खुंटी ढिली होऊन सकाळी चारही तारा उतरलेल्या. घट्ट खुंटीला कोरडा साबण आणि घसरणाऱ्या खुंटीला खडू, हे उपाय साधे आणि खरे आहेत. व्हायोलिनच्या पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवायच्या. आणि नवं स्वस्त वाद्य घेतलं तर आधी जाणकार कारागिराकडून घोडी घासून घ्यायची. माझ्या वाद्याची घोडी दुकानातून आली तशी उंचच होती, तार दाबताना बोटं सोलवटायची. कारागिरानं ती उतरवून दिली आणि वाद्य निम्म्या कष्टात वाजू लागलं.

एक गोष्ट मात्र एकटीनं होत नाही. उजव्या हाताचा अंगठा ताठ राहतोय, हे मला आरशात दिसलं नाही आणि कानालाही कळलं नाही. मनगट दुखायला लागल्यावर एका जाणत्या वादकांना हात दाखवून आले. त्यांनी अंगठा वाकवून गजावर ठेवला, करंगळी गोल करून वर टेकवली आणि म्हणाले, “आता विसरून जा की हातात काही आहे.” दुखणं थांबलं. स्वर स्वतः शोधता येतात, पण शरीराची ठेवण दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावी लागते. गुरूशिवाय शिकता येतं असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं.

गेल्या आषाढी एकादशीला मी भजनात वाजवलं. मंडळाची पट्टी काळी चार. व्हायोलिनच्या नेहमीच्या पाश्चात्त्य जुळणीतून खालच्या दोन तारा अर्धा स्वर चढवल्या, वरच्या दोन अर्धा स्वर उतरवल्या की काळी चारचं सा-प-सा-प तयार होतं. रामकृष्णहरीचा गजर सुरू झाला, पेटीनं स्वर धरला आणि मी बायकांच्या गळ्यामागून गज ओढत राहिले. वेगळं काही वाजवलं नाही, त्या जिथं गेल्या तिथं गेले. आबा म्हणाले, “बरं लागलं.”

तुमच्या गावात भजनी मंडळ असेल आणि तुम्ही वर्षानुवर्षं त्यात गात असाल, तर वय विचारू नका. मोठ्या मापाचं साधं व्हायोलिन घ्या, घोडी नीट करून घ्या, तानपुरा लावा आणि पहिले काही महिने मोकळ्या तारेवरच सा धरा. कुणा जाणत्याला एकदा हात दाखवून या. आणि भजनी मंडळांना माझी विनंती आहे: पेटीशेजारी या वाद्याला जागा द्या.