पार्श्वभूमी

परीक्षा दोन प्रकारच्या असतात. एकीचा अभ्यास करावा लागतो, तर दुसरीच्या अभ्यासाआधी ‘पार्श्वभूमीचं वाचन’ करावं लागतं. पहिलीत माणूस नापास होतो. दुसरीत तो परीक्षेपर्यंत पोचतच नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मी मानवशास्त्रात एम. ए. करायचं ठरवलं. एका जाणकार स्नेह्यांनी सल्ला दिला, “आधी थोडी पार्श्वभूमी तयार करा.” थोडी म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही. सौ. म्हणाली, “बिल्डिंगमधली चार माणसं ओळखत नाहीत तुम्ही, आणि निघाले मानवशास्त्र शिकायला!”

पहिला मान मॅलिनोव्स्कीला. पहिलं महायुद्ध चालू असताना हा गृहस्थ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला आणि १९२२ साली त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. तो मी पालघर-बोईसर गाडीत वाचत असे. मध्ये एकटं उमरोळी, त्यामुळे रोज दीड पान! त्या बेटांवर ‘कुला’ नावाची चाल होती. शिंपल्यांचे हार बेटाबेटांतून एका दिशेने फिरायचे आणि शंखाची कडी उलट दिशेने. वस्तू कुणी कायमची ठेवायची नाही. काही दिवस मिरवायची आणि पुढे द्यायची. मला एकदम आमच्याकडची आहेराची साडी आठवली. पालघरच्या आत्याकडून आलेली ती साडी सफाळ्याच्या मावशीकडे गेली आणि तिसऱ्या वर्षी घडी न मोडता आमच्याकडे परत आली. फरक इतकाच, की तिथे वस्तू कुणाकडून आली ते अभिमानाने सांगत. आपण चिठ्ठी काढून टाकतो.

मग इरावती कर्वे. १९५३च्या ग्रंथात त्यांनी नातेसंबंधांवरून भारताचे चार विभाग पाडले. आपण मधल्या विभागात. म्हणजे मामाची मुलगी चालते, आत्याची नाही. आमच्या घरातले निम्मे रुसवेफुगवे त्या पुस्तकात होते. नावं तेवढी नव्हती.

एका पावसाळी रविवारी ओट्यावर के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं १९४५चं पुस्तक उघडून बसलो होतो. तेवढ्यात शेवळांच्या जुड्या घेऊन वारली मावशी आल्या.

“काय वाचता, भाऊ?”

“तुमच्याच लोकांबद्दल आहे, मावशी.”

“आमच्याबद्दल? मग मला विचारायचं ना!”

विचारलं. मावशींची आजी धवलेरी होती, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढायच्या, त्यात पालघट देवी बसायची आणि आजीचं गाणं झाल्याशिवाय लग्न लागायचं नाही.

“तुमच्यात बाई का नाही लावत लग्न?” मावशींनी विचारलं.

अजून प्रवेशाचा अर्जही भरला नव्हता, तोच पहिला प्रश्न समोर आला होता. तोही सक्तीचा.

“आजी गेली,” जुड्या मांडता मांडता त्या म्हणाल्या, “मला गाणी अर्धीच येतात. त्या पुस्तकात पुरी आहेत का?”

“पुस्तकातही पुरी नाहीत.”

“मग अर्धी तरी लिहून घ्या.”

पुस्तक मिटून मी वही आणली. बाराच्या सुमाराला सौ.ने शेवळांचा हिशेब केला, तर पाच रुपये जास्त निघाले.

“ते शिकवणीचे,” मावशी म्हणाल्या.