वाघाच्या वाटेनं, पण उलटं

फेब्रुवारीत तीन दिवसांची सुट्टी जुळून आली. "कोकण नको, गर्दी असते," असं घरात एकमत झालं (हे आमच्याकडे क्वचित होतं!). मुलांना वाघ बघायचा होता आणि मला गरम पाण्याचे झरे. दोन्ही एकाच रस्त्यावर निघाले. येडशीहून मामांना गाडीत घेतलं आणि सुटलो.

हा रस्ता सुचला तो एका वाघामुळेच. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. धाराशिव जिल्ह्यात वाघ! आधी कुणाचा विश्वासच बसेना. आमच्या त्या जंगलाचा जीव तो केवढा? जेमतेम २२ चौरस किलोमीटर. तिथं माकडं, मोर, फार तर तरस. तर हे महाशय आले होते यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून. म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर, तेही पायी. म्हटलं, तो आला त्या दिशेनं आपण उलटं जाऊन बघू.

तो नेमका कुठून कुठं गेला ते त्यालाच ठाऊक. आम्ही आपले डांबरी रस्त्यानं: लातूर, अहमदपूर, नांदेड, भोकर, किनवट. खिडकीतून बघत होतो. ऊस, हरभरा, तुरीच्या काड्यांचे ढीग, धाबे, पेट्रोलपंप, पुन्हा ऊस. मोठं जंगल म्हणावं असं काही लागेचना. ते लागलं थेट किनवटच्या बाजूला, सागाचं. धाकटी म्हणाली, "बाबा, मग वाघ लपला कुठं?" मामा म्हणाले, "उसात. आणि ओढ्याच्या कडंनं. मानसाला दिसंल असा चालतो व्हय तो?"

किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. जुनं महादेवाचं देऊळ आणि गरम पाण्याची कुंडं. शरभंग ऋषींना त्वचेचा रोग झाला होता, तेव्हा रामानं बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा. मामांना याची फार गंमत वाटली, कारण आमच्या रामलिंगलाही रामाचा बाणच! जखमी जटायूला पाणी पाजायला रामानं तिथं बाण मारला, असं आमच्याकडे सांगतात. "वाघाला रामाचाच रस्ता घावला की," मामा म्हणाले.

पाण्यात पाय सोडून बसलो तेव्हा थोरल्यानं विचारलं, "खाली ज्वालामुखी आहे का?" मामा एकदम गप्प झाले. किल्लारीचा भूकंप त्यांनी पाहिलेला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर जमिनीखाली काहीतरी खदखदतंय ही भीती कितीतरी वर्षं लोकांच्या मनात होती.

तर नाही, इथं ज्वालामुखी नाही. आपला काळा दगड लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा या काळ्या दगडाचा थर ३३८ मीटरवर संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. खदखदणारं काही नाही. मग पाणी गरम का? जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. इतकंच. ऐकून मामा म्हणाले, "म्हंजी पानी बी लांबनंच चालत आलंय."

तिसऱ्या दिवशी टिपेश्वर. १४८ चौरस किलोमीटर. येडशीच्या सातपट, पण वाघाच्या हिशेबानं लहानच. नर बछडा मोठा झाला की त्याला स्वतःचा इलाखा लागतो, आणि इथं तो आधीच कुणाचा तरी असतो. म्हणून ही पोरं बाहेर पडतात. २०१९ मध्ये इथलाच एक पट्टेवाला वाघ (गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं) भटकत भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या आसपास! आम्हाला चितळ, रोही आणि शेवटी एक वाघीण दिसली. पाठमोरी, अर्धा मिनिट. मुलं हरखून गेली.

परतताना मात्र गाडीत वाद झाला. २०२५ च्या सुरुवातीला येडशीच्या वाघाला पकडून सह्याद्रीत सोडायचा प्रयत्न झाला होता. पथकं आली, पण तो काही हाती लागला नाही. मुलांचं म्हणणं, त्याला कशाला पकडायचं? एवढा चालत आलाय, राहू दे. मला वाटलं मामा चिडतील. त्यांच्या शेजाऱ्याचं वासरू गेलेलं. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली, पण गोठ्याकडे बघायची नजर बदलली ती बदललीच.

मामा शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. पर लाईट रातची येते आन् ज्वारीला पानी द्याया मला रातीच जावं लागतं. हातात बॅटरी, मागं ऊस. ती लाईट दिवसा द्या, मग वाघ ऱ्हाऊ द्या नाहीतर त्याचा आजा."

वाघ वाचवण्याबद्दल मी बरंच वाचलंय. पण मोटारीचं वेळापत्रक त्यात कधी आलं नव्हतं. एवढी शेतं तुडवत, कुणाला इजा न करता तो आला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. आणि त्याच शेतात रात्री एकटा उभा राहणाऱ्या माणसालाही. त्याला विचारल्याशिवाय वाघ कुठं राहणार हे ठरवू नये, असं आता वाटतं.

असो. जायचं असेल तर उनकेश्वर थंडीत करा. टिपेश्वरची सफारी पावसाळ्यात बंद असते. आणि येडशीला आलात तर रामलिंगला जाऊन या. पावसाळ्यात तिथला धबधबा बघण्यासारखा असतो. मामांकडे चहा नक्की मिळेल, फक्त अंधार पडायच्या आत या!