सुगीतले पाहुणे

माझ्या कामाला इंग्रजीत ‘इंटरप्रिटर’ म्हणतात. आईने शब्दकोश उघडला आणि सांगलीत सगळ्यांना सांगून टाकलं, की लेक अमेरिकेत दुभाष्याचं काम करते. मावशीने विचारलं, कुठल्या दोन भाषांचं? आईला सांगता येईना, तिने फोन माझ्याशी जोडून दिला. म्हटलं, “मावशी, मी दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईसारखे कपडे घालून चुलीवर स्वयंपाक करते आणि लोक तिकीट काढून तो बघायला येतात.” पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग मावशी म्हणाली, “म्हणजे आम्ही जन्मभर फुकटच केला की गं!”

तिला काय सांगणार! स्टॉकहोममध्ये १८९१ साली आर्टूर हाझेलियस नावाच्या माणसाने देशभरातली जुनी घरं उचलून एका टेकडीवर आणून उभी केली, त्यात चालतीबोलती माणसं ठेवली, तिथून या खुळाची सुरुवात झाली. आमचं खेडं असंच, न्यू इंग्लंड भागातल्या मॅसॅच्युसेट्समधलं, साल १८३० च्या आसपासचं. लोहार, कुंभार, पत्र्याची भांडी करणारा, पाणचक्की, सगळं आहे. प्लिमथच्या अशाच वसाहतीत १६२७ साल चालू असतं, तिथली माणसं त्या सालाबाहेर येत नाहीत. मोबाइल दाखवलात तर बावचळल्यासारखं करतात. आम्हाला ती सक्ती नाही. टोपी, तीन पदरी घागरा आणि पुढे ॲप्रन, पण बोलायचं आजचंच. त्यामुळे सांगलीची बाई न्यू इंग्लंडच्या चुलीपुढे उभी असली तरी कुणाचं काही अडत नाही.

विटांची भट्टी भिंतीतच असते. आत लाकडं पेटवायची, दीड-दोन तास जळू द्यायची, मग सगळे निखारे ओढून बाहेर काढायचे, ओल्या झाडूने तळ झाडायचा आणि हात आत घालून आकडे मोजायचे. किती आकड्यांपर्यंत हात आत टिकतो त्यावर भट्टी कितपत तापलीय ते कळतं. आधी पाव, मग ‘पाय’ (pie), विटा निवत आल्या की दुधाअंड्याचे नाजूक पदार्थ. लोक विचारतात, ही आग खरी आहे का? तुम्हाला उकडत नाही का? खायचं हे खरं आहे का? खरं आहे, पण चाखायला देता येत नाही, आरोग्य खात्याचा नियम आहे. दिवसातून चाळीस वेळा हेच उत्तर द्यायचं आणि एक्केचाळिसाव्याला ते पहिल्यांदाच देतोय असं वाटलं पाहिजे. कसब म्हणाल तर ते यात आहे.

आणि घरी गेल्यावर नेमकं तेच संपलेलं असतं.

बाबा गेल्यापासून आई दर वर्षी मे महिन्यात येते. इकडच्या थंडीला ती भिते आणि सांगलीच्या उन्हाळ्याला कंटाळते, म्हणून मे. पण मे-जूनमध्ये आमच्याकडे शाळांच्या बसेस लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीवर निघालेली कुटुंबं, सप्टेंबर उजाडला की पुन्हा शाळा, आणि ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला सगळा ईशान्य भाग रस्त्यावर. शनिवार-रविवार तर हातात नसतोच. सकाळी कुणाच्या तरी नातवाला लोणी काढायचं चौथ्यांदा दाखवलेलं असतं, तेही हसून. संध्याकाळी सहाला मी धुराचा वास घेऊन घरात शिरते. दिवसभर खिडकीत बसलेली आई नळावरच्या भांडणाची गोष्ट सांगायला लागते, आणि मी म्हणते, “आई, उद्या सांग ना.” ती गप्प होते. रागावत नाही, म्हणून जास्तच लागतं.

रजा मागितली नाही असं नाही. वेळापत्रक लावणारा माणूस सज्जन आहे, पण जुलैमध्ये चुलीपुढे दुसरं कोण उभं करणार? गेल्या वर्षी शेवटी मी आईलाच कामावर नेलं. स्वयंपाकघरातल्या बाकावर ती पर्स मांडीवर घेऊन बसली. अर्धा तास काही बोलली नाही. मग भर गर्दीत मराठीत म्हणाली, “लाकूड ओलं आहे गं. धूर बघ कसा काढतंय.” खरंच ओलं होतं. ती मिरजेकडच्या एका खेड्यात चुलीपुढेच वाढली. मला जे प्रशिक्षणात सहा महिने शिकवलं, ते तिला फुंकणी हातात धरता आली तेव्हापासून येतं.

त्या दिवशी एका आजोबांनी मला विचारलं, की या खेड्यातल्या लोकांना त्या काळी इंडिया ठाऊक तरी होता का? हा माझा लाडका प्रश्न. होता तर! इथल्याच चर्चमधल्या बायका मिशनसाठी पै-पैसा गोळा करत. मॅसॅच्युसेट्सचा गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला पोचला, मराठी शिकला. शेजारच्या न्यू हॅम्पशरची सिंथिया फॅरार १८२७ मध्ये जहाजात बसली, मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली. बॉस्टनच्या मासिकात मुंबईची पत्रं छापून येत, ती अशाच चुलीपुढे कुणीतरी मोठ्याने वाचली असतील. आजोबा खूश होऊन गेले. मी ते सगळं आईला मराठीत सांगितलं. तिने एकच विचारलं, “तिच्या आईला पत्र किती दिवसांनी मिळायचं?”

म्हटलं, जहाजाने चार-पाच महिने.

“म्हणजे वाचेपर्यंत पोर धड असेल की नाही, काय सांगावं.” आणि पर्सची चेन उघडून तिने पुन्हा लावली.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग. त्या काळच्या न्यू इंग्लंडात नाताळचं फारसं कौतुक नव्हतं, मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची सरकारी सुट्टीसुद्धा १८५६ ची. घरी परतायचा सण तो हाच. शहरात गिरणीत गेलेल्या मुली, दूर सासरी गेलेल्या लेकी घोडागाडीतून माहेरी यायच्या. हे मी त्या आठवड्यात रोज सांगते. माझं सांगणं ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. आई तोवर सांगलीला परतलेली असते आणि माझा नवरा घरी एकटा उरलेलं वरण गरम करत असतो.

खरं म्हणजे उत्तर माझ्या रोजच्या बोलण्यातच होतं. १८३० सालची शेतकरी माणसं उन्हाळ्यात एकमेकांकडे राहायला जात नसत. राहायला जायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत. शेतात काम नाही आणि रस्त्यावर बर्फ बसलेला. खड्डे बुजतात, घसरगाडी सुरेख पळते. तापवलेल्या विटा गाडीत पायाशी घेऊन मंडळी आठवडा आठवडा पाहुणी राहायची. वर्षानुवर्षं मी हे पर्यटकांना सांगत आले. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, “मग आमच्याकडे काय वेगळं होतं? सुगीत कोण पाहुणा जायचं? गेलं तर हातात खुरपं मिळायचं. जत्रा सुगी झाल्यावर, लेक माहेरी सुगी झाल्यावर.”

“मग तू जानेवारीत ये.”

“थंडी?”

“मी सुट्टीवर असेन गं. निम्मे दिवस.”

ती आली. दोन स्वेटर, त्यावर माझा कोट, डोक्याला मफलर, बुटांत लोकरी मोज्यांचे दोन जोड. पहिले चार दिवस खिडकीतून बर्फाकडे संशयाने बघत होती. नळावरच्या भांडणाची गोष्ट मी पूर्ण ऐकली. त्या भांडणाला दोन बाजू होत्या, आणि आईची बाजू चुकीची होती.

एका मंगळवारी तिला पुन्हा चुलीपुढे घेऊन गेले. दिवसभरात मोजून अकरा माणसं आली. दुपारी तर कुणीच नाही, छपरावरून बर्फ घसरल्याचा तेवढा आवाज. आईने बाक चुलीजवळ ओढला, पाय शेकत बसली, एकदा डुलकीही काढली. चार वाजता बंद करायची वेळ झाली. मी शटर ओढून घेत होते. वळून बघते तर आई वाकून चिमट्याने निखारे गोळा करतेय, त्यांवर राख लोटतेय, हलक्या हाताने, उशी सारखी करावी तशी. इथल्या बायकाही अगदी असाच विस्तव राखून ठेवायच्या. तो विझला तर शेजाऱ्यांकडे मागायला जावं लागे.

“आई, तो विझवायचाय. जाताना आग ठेवायची नाही, नियम आहे.”

तिने चिमटा तसाच धरून माझ्याकडे बघितलं. “आणि उद्या?”

“उद्या काड्यापेटीने पेटवते.”

“काड्यापेटीने,” ती म्हणाली, आणि आणखी थोडी राख लोटली.