वहीतले 23 अंश

माझी पदवी वनस्पतिशास्त्राची. पण माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाला वनस्पती वेगळी आणि रसायन वेगळं असं काही नसतं, वेळापत्रकात फक्त 'विज्ञान' लिहिलेलं असतं. 2012 साली माण तालुक्यातल्या एका शाळेत मी रुजू झाले. उष्मादायी आणि उष्माग्राही अभिक्रियांचा भाग मी शिकले होते तसाच शिकवला. आधी व्याख्या, मग चुन्याचं उदाहरण, मग चुनखडी तापवण्याचं, शेवटी समीकरणं. पण त्या वर्षी मी मुलांच्या हातात तापमापी द्यायची ठरवली होती आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

प्रयोग साधा होता. किराणा दुकानातून लिंबूफूल आणि खाण्याचा सोडा आणला. चंचुपात्रात 50 मिली पाणी घ्यायचं, त्यात चमचाभर लिंबूफूल विरघळवायचं, तापमान लिहायचं, मग चमचाभर सोडा टाकायचा आणि पुन्हा तापमान लिहायचं. सोडा पडला की फसफसून फेस वर येतो, मुलं ओरडतात, वर्गाला आनंद होतो. वह्या तपासताना एका मुलीचा तक्ता दिसला. सुरुवातीचं तापमान 28, नंतरचं 23.

मी लाल शाईनं त्याखाली रेघ मारली आणि लिहिलं, 'पुन्हा पाहा'. माझ्या मनात फेस म्हणजे उकळी आणि उकळी म्हणजे उष्णता असं पक्कं बसलेलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं, पण बसलेलं होतं. दुसऱ्या दिवशी वही परत आली. तिथे आता 33 होतं. मी सही केली.

त्याच आठवड्यात दुसऱ्या तुकडीचा तास होता. एका गटाचं चंचुपात्र टेबलाच्या कडेला आलं होतं म्हणून मी ते फेस येत असतानाच उचलून आत सरकवलं. काच गार लागली. पंख्याच्या वाऱ्यानं असेल असं वाटून मी दुसऱ्या गटाच्या पात्राला हात लावला. तेही गार. तापमापी बुडवली तर पारा 24 वर होता.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बोलावलं. विचारलं, "अगं, तुला खरं किती दिसलं होतं?" ती खाली बघत म्हणाली, "बाई, 23च दिसलं होतं. तुम्ही चूक म्हणालात म्हणून बदललं." वही उजेडात धरली तर खोडरबराच्या खाली पेन्सिलीचा दाब दिसत होता. तिनं प्रयोग पुन्हा केलाच नव्हता. कसा करणार? साहित्य मी कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं आणि उत्तर तर मीच सुचवलं होतं. पाच अंशांची उतरण तिनं पाच अंशांची चढण करून दिली, म्हणजे आकडा तरी तिनं जपला होता. मला ते फार लागलं.

त्या दिवसापासून मी तापमान मोजायला नव्यानं शिकले. आधी शाळेतल्या दोन्ही तापमाप्या विरघळत्या बर्फात ठेवून पाहिल्या. एक बरोबर शून्यावर आली, तीच त्या मुलीच्या गटाकडे होती. दुसरी 3 दाखवत होती. भिंगातून पाहिलं तेव्हा तिच्या नळीत पाऱ्याचा धागा वरच्या बाजूला केसाएवढा तुटलेला दिसला. अशी तापमापी टाकून द्यायची गरज नसते. कुल्फीवाला बर्फात खडेमीठ घालतो तेच करायचं. बर्फ आणि मिठाचं मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं, पारा आकसून खालच्या फुग्यात उतरतो आणि तुटलेला धागा जुळतो. बाजाराच्या दिवशी बर्फ आणून मी ते केलं तेव्हा भोवती वीसेक मुलं होती. बर्फ वितळतानाही उष्णता शोषतो, हे त्यांना त्या मिठानं सांगितलं.

एका मुलानं घरातली ताप बघायची तापमापी आणली होती. तीही तापमापीच, मग ही का नको, असा त्याचा प्रश्न होता. ती 35 पासून 42 पर्यंतच मोजते आणि झटकल्याशिवाय पारा खाली येत नाही, म्हणजे गार होणारी गोष्ट तिला दिसणारच नाही, हे मी त्याला पाण्यात बुडवूनच दाखवलं.

मग प्रश्न आला भांड्याचा. काचेचं पात्र स्वतः थोडी उष्णता घेतं आणि हवाही घेते किंवा देते. अभिक्रियेनं जे केलं ते सगळंच्या सगळं पाऱ्यापर्यंत पोचत नाही. पुस्तकातला तांब्याचा कॅलरीमापी आमच्याकडे एकच होता. थर्माकोलचे कप चांगले काम देत, पण 2018 साली राज्यात त्यांवर बंदी आली आणि दुकानातून ते गेले. बंदी योग्यच होती, गावच्या ओढ्यात ते कप मी पाहिले होते. आमच्याकडे मेंढपाळांची मुलं बरीच. एकानं घरून लोकर आणली. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, तो मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा, मधल्या जागेत लोकर ठासायची आणि झाकणाला दोन भोकं पाडायची, एक तापमापीला, दुसरं ढवळायच्या काडीला. तापमापीनं ढवळायचं नाही, फुगा फुटला तर पारा सांडतो. अशा डब्यात तोच लिंबूफूल आणि सोड्याचा प्रयोग केला तेव्हा पारा 28 वरून 21 पर्यंत उतरला. काचेच्या पात्रानं आणि हवेनं आमचे दोन अंश खाल्ले होते.

त्याच डब्यात आम्ही आम्ल आणि अल्कलीचं उदासिनीकरण मोजलं. तालुक्याच्या कॉलेजातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडची 1 मोलर द्रावणं करून आणली होती. प्रत्येकी 50 मिली. दोन्हींचं तापमान सारखं होईपर्यंत थांबायचं, हे थांबणं मुलांना सर्वांत जड जातं. मिसळल्यावर पारा 6 अंश चढला. 100 ग्रॅम पाणी धरून 4.18 नं आणि 6 नं गुणलं, 2508 जूल आले. मोलमागे सुमारे 50 किलोजूल. पुस्तकातला आकडा 57 च्या आसपास. मुलांचे चेहरे पडले.

मग आम्ही एकच तापमान न लिहिता आलेख काढायला लागलो. मिसळण्याआधी तीन मिनिटं आणि मिसळल्यावर दहा मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद. एक जण घड्याळ सांगतो, एक पारा वाचतो, एक लिहितो. डब्याबाहेर उष्णता जातच असते, म्हणून चढलेला पारा हळूहळू उतरतो. त्या उतरत्या बिंदूंवरून पट्टीनं रेघ मागे ओढायची, थेट मिसळण्याच्या क्षणापर्यंत. गळती झालीच नसती तर पारा कुठे असता, ते तिथे कळतं. आम्हाला साडेसहा मिळाले आणि 50 चे 54 झाले. एक अंशाच्या खुणा असलेल्या तापमापीवर, लोकरीच्या डब्यात. मला आजही हा आलेख सगळ्या धड्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. जे निसटून गेलं ते मुलं कागदावर परत आणतात.

युरियाची गोष्ट एका शेतकऱ्याच्या मुलानं सांगितली. बादलीत युरिया कालवताना हात गार पडतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. ते वर्गात सांगण्यासारखं आहे, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम युरिया टाकला, पारा 5 अंश उतरला. नवसागरानंही असंच होतं, कल्हईवाल्याकडचा तोच नवसागर. पण हे प्रयोग मी वहीत वेगळ्या पानावर लिहायला लावते. युरियाचं पाणी आटवलं तर युरिया परत मिळतो. लिंबूफूल आणि सोडा परत मिळत नाहीत, त्यांतून नवा पदार्थ झालेला असतो आणि वायू उडून गेलेला असतो. दोन्हीकडे पारा उतरतो म्हणून दोन्ही एकच आहेत असं मुलांच्या मनात राहू नये, याची मला काळजी वाटते. पारा फक्त तापमान सांगतो, आत काय घडलं ते आपल्याला वेगळं शोधावं लागतं.

ज्या मुलीचं उत्तर मी खोडायला लावलं होतं, तिनंच नंतर विचारलं, "बाई, आपण तर खाली दिवा लावला नव्हता. मग ती उष्णता घेते कुठून?" त्या पाण्यातूनच घेते, म्हणून तर पाणी गार होतं, एवढं मला सांगता आलं. पण उष्णता उसनी घ्यावी लागते तरी ती अभिक्रिया आपणहून का होते, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. वाचून काढल्यावर कळलं की, उष्मादायी आणि उष्माग्राही या अर्थाचे शब्द फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलाँ बर्थेलो यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केले आणि ज्यातून सर्वांत जास्त उष्णता बाहेर पडेल तीच अभिक्रिया आपोआप होते असं त्यांचंही मत होतं. डेन्मार्कचे युलियस थॉमसन यांचंही जवळपास तेच. ते मत पुढे टिकलं नाही. आमच्या पात्रातला वायू बाहेर सुटून हवेत पसरतो, त्या पसरण्यालाही वजन असतं. हे मी तिला आठवडाभरानं सांगितलं. तिनं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं.

तेव्हापासून आमच्या प्रयोगवहीत पेन्सिल आणि खोडरबर चालत नाहीत. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

गेल्या वर्षी दिवाळीआधी चुन्याचा प्रयोग घेतला. डोळ्यांना चष्मा, मुलं दोन हात लांब, टाकायचं काम माझं. चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून हे मी मुलांकडे देत नाही. 100 मिली पाण्यात 20 ग्रॅम कळीचा चुना टाकला. सगळ्यांनी वाफांची वाट पाहिली. पारा 27 वरून 36 वर गेला आणि थांबला. नोंदणाऱ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दिसतंय ते लिही." त्यानं 36 लिहिलं. संध्याकाळी त्यानं घरी आजीला विचारलं. ती म्हणाली, "गोणी उघडी होती ना रे? तो हवेनंच विरून गेला असेल." खरंच, कपाटातली ती पिशवी मी आदल्या वर्षीपासून नीट बांधलेली नव्हती. हवेतल्या ओलाव्यानं आणि कार्बन डायऑक्साइडनं चुना आधीच बराचसा संपला होता.

दुसऱ्या दिवशी तो घर रंगवायला आणलेल्या ताज्या चुन्याचा एक खडा पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करून घेऊन आला. मी तो पाण्यात टाकला, मिनिटभर काहीच झालं नाही. मग खडा तडकला, सूं आवाज आला आणि झाकणाच्या भोकातून वाफ निघाली. त्यानं दर अर्ध्या मिनिटाला आकडे सांगितले, 31, 40, 52. पारा 63 वर थांबला. वहीत कालच्या 36 च्या खाली त्यानं ते मांडलं आणि समोर दोन्ही चुन्यांच्या पिशव्या कधी उघडल्या त्या तारखा लिहिल्या.