खंड्याचं वजन

मंडळी, आज पालकावर किंवा वांग्यावर नोंद नाही, कुत्र्यावर आहे. गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी फोनवर एकच विचारलं, "आमचा कुत्रा खंगलाय, खात नाही, काय घालू?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

आमच्या मनोरीत जून-जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी आत. या दोन महिन्यांत कोळीवाड्यातली कुत्री दरवर्षी बारीक होतात, कारण मुंडकी, आतडी, जाळ्यातून झटकलेली बारीक मासळी काहीच मिळत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की पंधरा-वीस दिवसांत तीच कुत्री पुन्हा तुकतुकीत दिसायला लागतात. खंड्या आमच्या वाडीवरचा. रात्री घुशी आणि मोकाट गुरं हाकलतो, दुपारी किनाऱ्यावर एक फेरी मारून येतो. यंदा किनाऱ्यावरची सगळी कुत्री भरली आणि हा मात्र अजून उतरत गेला. भात ठेवला तर दोन घास, मग तोंड बाजूला. आई म्हणाली, "अरे, याला भूक नाही असं नाही. वासाला येतो, बसतो, आणि मग जेवण नकोसं होतं त्याला." माझ्या मते निम्मं निदान तिथेच झालं होतं.

आधी वजन केलं. भाजीचा टांगता काटा घेतला, गोणपाटाची झोळी केली, त्यात खंड्या. 11 किलो 400 ग्रॅम. आदल्या वर्षीच्या रेबीज लशीच्या कार्डावर डॉक्टरांनी 16 किलो लिहिलेलं. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त कुत्रा गेला होता. डोळ्याला हे कळत नाही, कारण रोज बघतो ना आपण. काटा नसेल तर हाताने बघा. मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा, बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा फार बारीक. पंजा सरळ धरून पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर ठीक. गाईला आपण 1 ते 5 गुण देतो, कुत्र्याला 1 ते 9 देतात आणि 4-5 चांगले. मी खंड्याला 2 दिले.

एक मात्र आहे. आपला देशी कुत्रा मुळातच सडपातळ. पश्चिम महाराष्ट्रातला कारवान बघा, पोट आत, शेवटच्या बरगड्या दिसतात, आणि तो ससा पळवतो. अशा कुत्र्याला शहरातल्या लॅब्रॅडोरसारखं गोल करायला जाऊ नका. पण कमरेची हाडं वर आली, मांडीचं मांस गेलं, की ती जात नव्हे, तो आजार.

मग ओठ वर करून हिरडी पाहिली. शेळीची खालची पापणी ओढून रक्त बघतो ना, तसंच. हिरडी गुलाबी हवी, याची जुन्या मेणबत्तीसारखी होती. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड.

बाबांच्या पिढीला जनावरांचा दवाखाना म्हटलं की परळचं बैलघोडा हॉस्पिटलच आठवतं. पण मनोरीहून परळ म्हणजे त्या अवस्थेत त्याला झेपलं नसतं. फेरीने मार्वेला उतरून मालाडला दाखवलं. बोटीत चढताना त्याला उचलून घ्यावं लागलं. दर वेळी हा उडी मारून पहिला चढतो. शेजारच्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, "कशाला त्याचे हाल करतोस?" मी काही बोललो नाही.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 7.1 (कुत्र्याला साधारण 12 ते 18 लागतं), प्लेटलेट 48 हजार (दोन लाखांच्या वर हव्यात). एर्लिकिया. गोचीडाचा ताप. हा जंतू पांढऱ्या पेशींत राहतो. सुरुवातीचा ताप कधी कधी लक्षातही येत नाही, मग महिनोन्‌महिने गप्प, आणि नंतर काही कुत्र्यांत अस्थिमज्जेपर्यंत पोचतो. भूक मरणं, वजन जाणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, कधी नाकातून रक्त, असं दिसतं. सोबत शेणतपासणीत हुकवर्मची अंडी. आमच्या दमट रेतीत याचं नवल नाही. त्याच्या अळ्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. पोरं अनवाणी खेळतात तिथे माणसाच्या पायालाही वळवळणाऱ्या रेषा उठतात, त्या याच्याच.

म्हणजे रक्त दोन्हीकडून जात होतं. अशा कुत्र्यापुढे कितीही तूप-रोटी ठेवा, काय होणार?

औषध डॉक्सीसायक्लिन, 28 दिवस, एक दिवस न चुकता. कुत्रा चौथ्या-पाचव्या दिवशी ताजातवाना दिसायला लागतो आणि तिथेच बरेच जण गोळी बंद करतात. मात्रा डॉक्टर वजनावर ठरवतात. गोठ्यातली गाईची उरलेली बाटली आणि घरातली पॅरासिटामोल-आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नका, त्यांनी यकृत-मूत्रपिंडं जातात. डॉक्सी रिकाम्या पोटी दिली की उलटी, आणि हा तर खात नव्हता. म्हणून पहिले दोन दिवस मळमळीचं इंजेक्शन, मग चमचाभर जेवण, मग गोळी, मग थोडं पाणी. जंतावरची गोळी डॉक्टरांनी थोडी ताकद आल्यावर दिली.

आता जेवण. इथे हिशोब करा. जागेवर पडून राहायला कुत्र्याला किती ऊर्जा लागते ते काढायचं सूत्र सोपं आहे: मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजनाचं वर्गमूळ दोनदा काढा, आलेल्या आकड्याचा घन करा, गुणिले 70. हव्या असलेल्या वजनाने, 16 किलोने, धरलं तर 16 चं 4, 4 चं 2, घन 8, म्हणजे 560 कॅलरी. फिरता-राखणारा कुत्रा, वर वजन भरायचं, म्हणून दीडपटीच्या पुढे. मी 900 धरल्या. शिजवलेल्या 100 ग्रॅम भातात 130 च्या आसपास. पेज केली तर त्याहून फारच कमी, बहुतेक पाणीच. पोट भरतं, कुत्रा भरत नाही. लहान भुकेच्या जनावराला कमी घासात जास्त द्यावं लागतं.

शेवटी बसलेली ताटली अशी. दिवसाचा पाव किलो शिजवलेला भात, दोन उकडलेली अंडी, कातडीसकट कोंबडी 100 ग्रॅम हाडं काढून, शेंगदाणा तेल दोन चहाचे चमचे आणि मूठभर सुके बोंबील. ताज्या बोंबलात पाणीच फार, सुक्यात मात्र प्रथिनं गच्च, आणि आईने पावसाळ्यासाठी डबा भरून ठेवलेलाच असतो. आमच्याकडे वलांडीवर वाळवलेल्या बोंबलाला मीठ नसतं, म्हणून चालतो. खारवलेली मासळी नको. जवळा घातलात तर रेती नीट धुवा. बोंबील भिजवून कुकरला लावले की काटा मऊ होतो आणि वास घरभर सुटतो. तो वासच निम्मं औषध. जेवण कोमट द्यायचं, थंड भाताला वास नसतो. एकदम न देता दिवसात चार वेळा, वाटीभर. वीस मिनिटांत खाल्लं तर खाल्लं, नाहीतर उचलायचं. समोर उभं राहून "खा रे, खा रे" करायचं नाही. कोंबड्या पलीकडे कोंडायच्या.

तेल मात्र अर्ध्या चमच्यापासून सुरू करून दहा दिवसांत दोनवर नेलं. एकदम तूप ओतलं की जुलाब, वर स्वादुपिंडाला सूज यायची भीती. आणि उरलेलं कालवण अजिबात नको. आपल्या कालवणात कांदा-लसूण भरपूर, आणि त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. ज्याचं रक्त आधीच सात, त्याला हे परवडत नाही. यावरून आमच्या घरी वाद झाला, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुत्री कालवण-भातावरच जगली. खरं आहे. पण ती धडधाकट होती. महिनोन्‌महिने घरचंच घालणार असाल तर कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारा, भात-मांसात ते कमी पडतं.

दर रविवारी काटा: 11.4, 11.3, 11.9, 12.5, 13, 13.6. पहिल्या रविवारी शंभर ग्रॅमने उतरलं तेव्हा माझाही धीर सुटत होता, पण हिरडीला रंग येत होता, म्हणून ताटली बदलली नाही. महिन्याने हिमोग्लोबिन 10.8, प्लेटलेट एक लाख नव्वद हजार. दिवाळीच्या आसपास 15.2.

गोचीड राहिले तर हे सगळं पाण्यात. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे भिंतीच्या फटीत, गडग्यात, गोणपाटाखाली. मादी फटीत जाऊन अंडी घालते, हजारांनी. म्हणून चघळायची गोळी कुत्र्याला, आणि पडवीच्या फटी सिमेंटने बुजवल्या, जुनी गोणपाटं जाळली. गोठ्यात फवारायचं औषध कुत्र्याला चोळू नका, मांजर असेल तर तर नाहीच.

ज्यांचा कुत्रा दहा वर्षांच्या पुढचा आहे त्यांनी गोचीडावर थांबू नका, दात आणि मूत्रपिंडं बघून घ्या. म्हातारा कुत्रा खूप पाणी पितो, जास्त मुततो आणि खात नाही, तेव्हा बहुतेक वेळा तिकडेच दुखणं असतं आणि तिथे ताटली वेगळी लागते, प्रथिनं-मीठ डॉक्टर ठरवतात. पिल्लू एक दिवस जेवलं नाही तरी त्याच दिवशी दाखवा. मोठा दोन दिवस पूर्ण उपाशी राहिला, किंवा हिरडी पांढरी दिसली, तर मला फोन करण्याआधी फेरी पकडा.