ओलीचा माग

जुनी गाडी विकणारा माणूस पडदे बदलू शकतो, ओट्याला रंग देऊ शकतो, तळाला नवं विनाइल चिकटवू शकतो. ओलीच्या वासाचं मात्र त्याला काही करता येत नाही. मिशिगनमध्ये, कॅलमझूच्या बाहेर एका शेतघरामागे आम्ही ती पॉप-अप कॅम्पर पाहायला गेलो, तेव्हा आत पाइनच्या सुगंधाचे पुठ्ठे ओळीने टांगलेले होते. किंमत इतकी कमी की घासाघीस करायला संकोच वाटावा. आई तेव्हा उन्हाळ्यापुरती रत्नागिरीहून आलेली. तिने दारातून डोकं आत घातलं, एकदाच श्वास घेतला आणि पदर नाकाशी धरत म्हणाली, "हा एका पावसाचा वास नाही रे. ओल मुरलीय कुठेतरी."

विकणाऱ्या आजोबांना मराठी येत नव्हतं, पण नाकाशी गेलेला पदर त्यांना कळला असावा. त्यांनी आपणहून आणखी थोडे पैसे कमी केले. आईचं म्हणणं खरं आहे हे मला तिथेच पटलं होतं, आणि तरीही मी गाडी घेतली. गळणारं घर दुरुस्त करायची हौस आमच्यात वंशपरंपरेने आलेली आहे.

पॉप-अप म्हणजे मिटता येणारं घर. मोटारीमागे जोडून नेताना ती छातीएवढ्या उंचीची एक पेटी असते. मुक्कामाला पोचल्यावर पुढच्या बाजूचं हँडल फिरवायचं. तळाखालच्या तारा कप्प्यांवरून ओढल्या जातात, चारही कोपऱ्यांतले खांब एकदम वर सरकतात आणि छत उचललं जातं. मग दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, कापडी भिंती ताणायच्या, उलटा मिटलेला ओटा सरळ करायचा. शेगडी, छोटा फ्रीज, जेवायचं टेबल, तेच रात्री मोडून तिसरा पलंग. अर्ध्या तासात संसार उभा आणि सकाळी अर्ध्या तासात मिटलेला.

मिटता येण्यातच या घराची सोय आहे आणि मिटता येण्यातच घात. उभ्या घराला ओल आली तर भिंतीवर डाग पडतो, पोपडे निघतात, पाहुणेसुद्धा विचारतात. मिटलेल्या घराच्या भिंतीच कुणाला दिसत नाहीत. ऑक्टोबरात झाकून ठेवलेली गाडी मे महिन्यात उघडायची. मधल्या काळात आत काय चाललंय ते पाहायला कुणी नसतं. शिवाय मुलं मोठी झाली, सुट्ट्या वेगवेगळ्या झाल्या, की तो मे महिना पुढच्या वर्षावर जातो आणि मग त्याच्याही पुढच्या. आमच्या गाडीचं असंच झालं होतं. आजोबांची नातवंडं कॉलेजात गेली तेव्हापासून तिचं छत वर गेलेलं नव्हतं.

घरी आणल्यावर पहिल्यांदा छताच्या पुढच्या कोपऱ्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी काढली. बाहेरून हे छत एकसंध दिसतं. प्रत्यक्षात वर पातळ पत्रा, मधे फोम, कडेने लाकडाची चौकट आणि खालून प्लायवुड, असा तो थर असतो. हे प्लायवुड लुआन नावाच्या आग्नेय आशियाई लाकडाचं, आपल्या मध्य भारतातल्या सालवृक्षाच्या गोतावळ्यातलं. एवढ्या लांबून आलेलं लाकूड मिशिगनच्या बर्फाखाली कुजत बसलेलं पाहून मला उगाच वाईट वाटलं. दोन पत्रे जिथे भेटतात तिथे वरून ही पट्टी, तिच्यातून स्क्रू आणि तिच्याखाली पुट्टीची टेप. टेप नवी असते तेव्हा मऊ असते. वर्षागणिक ती वाळते, चिरते, आणि एका स्क्रूच्या बाजूला केसाएवढी फट पडते. तेवढी पुरते. फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं, फट किंचित रुंद करतं, दिवसा वितळून आणखी आत जातं. इकडे मार्च महिन्यात हा उद्योग जवळपास रोज चालतो.

पट्टीचे स्क्रू फिरवावे लागले नाहीत, चिमटीत धरून ओढले तसे आले. त्यांच्या खालच्या अर्ध्या भागाला आटे उरलेच नव्हते, गंजून नुसत्या सुया झाल्या होत्या. लाकडात टोचा घातला तो दांड्यापर्यंत गेला. चौकटीचा तुकडा हातात घेतला तर त्याला आडव्या-उभ्या चिरा पडून लहान लहान चौकोन झालेले, आणि बोटांनी दाबल्यावर त्या चौकोनांची तपकिरी भुकटी. ही एका जातीच्या बुरशीची करणी. ती लाकडातलं सेल्युलोज खाते आणि तपकिरी लिग्निन मागे टाकते. लाकडाचा आकार राहतो, ताकद जाते. पिना जिथे जिथे ठोकल्या होत्या तिथे निळसर काळी वर्तुळं. आणि एका पोकळीत टपोऱ्या काळ्या मुंग्या, अंड्यांसकट. या सुतार मुंग्या वाळवीसारखं लाकूड खात नाहीत, नुसतं कोरून बाहेर टाकतात. पण वस्ती करायला त्यांना बहुधा आधी ओल लागते. एकदा पाणी आलं की त्याच्यामागून असे पाहुणे येतात.

पण फट जिथे होती तिथे नुकसान त्या मानाने थोडं होतं. खरी कूज निघाली पार खाली, मागच्या बाकाखालच्या कोपऱ्यात, तळाच्या प्लायवुडमध्ये. वरचा पुढचा कोपरा कुठे आणि खालचा मागचा कुठे! पण गाडी परसात उभी होती ती किंचित मागे कललेली. पाणी छताच्या चौकटीतून मागे सरकलं, मागच्या बाजूने खाली आलं, पेटीच्या भिंतीतून पाझरलं आणि जिथे पुढे जायला वाट नव्हती तिथे थांबलं. वाट का नव्हती? कुणीतरी मायेने खालच्या कडेला सिलिकॉन फासलं होतं, एकावर एक थर. पाणी वरून शिरत होतं आणि हा भला माणूस खालची कड बंद करत होता. आत येणारं पाणी निघून जायचं एकमेव दार त्याने लिंपून टाकलं. सिलिकॉनबद्दल माझं मत तेव्हापासून फार वाईट आहे. ते स्वतः नीट टिकत नाही आणि त्यावर दुसरं काही चिकटूही देत नाही. खरवडून काढताना नखं गेली.

कोकणात लहानपण गेलेल्या माणसाला पाण्याची ही चाल नवी नाही. वैशाखात आमच्याकडे शाकारणी असे. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, मृगाच्या आत आढं पक्कं करायचं. शाकारायला येणारा गडी घरात शिरला की आजी त्याला माजघरातला डाग दाखवी. तो त्या डागाकडे बघतही नसे. वासा कुठून येतो ते बघत बघत पार दुसऱ्या खोलीत जाई आणि तिथून वर चढे. थेंब पडतो ती जागा पाण्याच्या मुक्कामाची, कौल फुटलंय ती प्रवास सुरू झाल्याची. मधे रिपा आणि वासे. गॅरेजमध्ये टॉर्च तोंडात धरून मी आडवा पडलेलो असताना आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि सांगायची, "डागाकडे बघू नकोस. उतार कुठला आहे ते बघ."

सामानासाठी शेजारच्या इंडियाना राज्यात जावं लागलं. कॅलमझूपासून तासाभराच्या अंतरावर एल्कहार्ट काउंटी लागते. अमेरिकेतल्या बहुतांश कॅम्पर याच टापूत तयार होतात. तिथल्या मिडलबरी गावाजवळ १९६८ साली लॉइड आणि बर्था बॉनट्रॅगर या जोडप्याने आपल्या शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्यांच्या इमारतींत पॉप-अप बनवायला सुरुवात केली. लॉइडने छत उचलायची स्वतःची यंत्रणा काढली होती, तिच्यावर 'जेको' ही कंपनी उभी राहिली. या भागातल्या कारखान्यांत आमिश पंथाचे पुष्कळ लोक कामाला असतात. स्वतः मोटार न बाळगणारी, बग्गीतून किंवा सायकलवरून कामावर येणारी ही माणसं दिवसभर लोकांच्या मोटारीमागे धावणारी घरं बनवतात आणि संध्याकाळी आपल्या जागच्या घरी परततात. या टापूत कारखान्यांतून उरलेला माल विकणारी दुकानं आहेत. पट्ट्या, बिजागऱ्या, कप्प्या, कुठल्या साली कुठल्या गाडीला लागल्या होत्या कुणास ठाऊक अशा दारांच्या मुठी. आमच्या गाडीवरचं नाव उन्हाने केव्हाच उडालेलं, त्यामुळे काटकोनी पट्टीचा तुकडाच हातात घेऊन फिरलो. जुन्या बाजारात झाकण हरवलेल्या भांड्याला झाकण शोधावं तशी गत. दुपारी जुळली.

नंतरच्या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कुजलेलं कापायचं आणि तिथेच न थांबता, जिथे लाकूड टोच्याला दाद देत नाही तिथवर आणखी कापत जायचं. या पायरीवर हात आखडतो, कारण चांगल्या दिसणाऱ्या लाकडाला करवत लावायला जीव होत नाही. कुजक्या लाकडात पातळ इपॉक्सी ओतून ते कडक करण्याचा एक मार्ग सांगतात. कडेच्या थोड्याशा मऊ भागासाठी तो ठीक, अख्ख्या कोपऱ्यासाठी तो आळस आहे. मग वाळवणं. पंखे आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र लावून गॅरेज बंद ठेवलं आणि ओल मोजायच्या यंत्राच्या सुया लाकडात टोचून आकडा बघत राहिलो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असली की बुरशीचं काही चालत नाही. घाई इथे करायची नाही. ओलं लाकूड नव्या पत्र्यात बंद करणं म्हणजे पैसे देऊन कूज विकत घेणं. शेवटी नवं प्लायवुड, त्याच्या कापलेल्या कडांना रंग, पुट्टीऐवजी ब्युटिल टेप, न गंजणारे स्क्रू, आणि खालची कड मुद्दाम मोकळी.

कापडी भिंतींवरचे काळे ठिपके मात्र पूर्ण गेले नाहीत. कुणीतरी कधीतरी पावसातून गाडी तशीच मिटली होती, त्या घडीच्या रेषेवर ते उमटलेत. व्हिनेगर झालं, ऊन झालं, आता ते राहणार.

आई परत गेली त्यानंतरच्या जूनमध्ये आम्ही लडिंग्टनला गेलो, मिशिगन सरोवराच्या काठी. रात्री विजांसकट पाऊस झाला. मुलं झोपली, मी टॉर्च घेऊन कोपरे चाचपत बसलो. बायको कूस बदलून म्हणाली, "अरे, झोप आता. गळलं तर सकाळी कळेलच." गळलं नाही. सकाळी फोनवर आईला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "कापड वाळवून मिटलंस ना?"

या सगळ्यात माझं एक मत पक्कं झालं: या गाड्या प्रवासाने कमी मरतात, उभ्या राहून जास्त. जी दर महिन्याला उघडते तिची फट लहान असतानाच सापडते. पैशांचा हिशेब मांडला तर हा उद्योग परवडत नाही. तेवढ्यात धडधाकट जुनी गाडी मिळाली असती. तरी हे सांगतो, कारण महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे उद्या आपल्याकडेही जुनी फिरती घरं विकायला निघतील. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे मिशिगनात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही. तेव्हा अशी गाडी घ्यायला निघालात, मिशिगनात किंवा मालवणात, तर उन्हाच्या दिवशी जाऊ नका. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी जा, बाकाखाली हात घाला आणि तळाचे चारही कोपरे अंगठ्याने दाबून बघा. घेतलीत, फिरलात आणि येताना ओली मिटावी लागली, तर कितीही दमला असलात तरी घरी पोचल्यावर त्याच दिवशी पुन्हा उघडा.